हाडे ठिसूळ असताना मणक्याची शस्त्रक्रिया: निर्णयापर्यंत कसे पोहोचावे

ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार, असलेल्या माणसाला मणक्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, की घरातली चर्चा बहुधा डॉक्टर कोणते आणि खर्च किती या दोन प्रश्नांभोवती फिरू लागते. ज्या हाडात स्क्रू बसवायचे आहेत ते हाड स्क्रू धरून ठेवील का, हा प्रश्न फार उशिरा येतो आणि पुष्कळदा येतच नाही. खरे तर सुरुवात त्याच प्रश्नाने व्हायला हवी. हाडे ठिसूळ आहेत म्हणून मणक्याची शस्त्रक्रिया करताच येत नाही, हा समज चुकीचा आहे. पण हाडांच्या ताकदीचा विचार न करता केलेली शस्त्रक्रिया टेबलावर उत्तम पार पडूनही काही महिन्यांत निकामी ठरू शकते, हेही तितकेच खरे आहे. पुढील मजकूर तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा योग्य कागद आणि योग्य प्रश्न तुमच्या हाती असावेत, यासाठी तो आहे.

दुखणे नेमके कशाचे आहे ते आधी ठरवा

पाठ दुखते आणि हाडे ठिसूळ आहेत, म्हणजे ठिसूळ हाडांमुळेच पाठ दुखते असे नव्हे. ऑस्टिओपोरोसिस स्वतः दुखत नाही. दुखतो तो त्यामुळे दबलेला मणका. पाण्याची बादली उचलताना, खड्ड्यातून एसटी आदळताना किंवा नुसते शिंकताना पाठीत एकदम कळ आली, कुशीवर वळताना आणि अंथरुणातून उठताना जीव जातो असे वाटू लागले, आणि उताणे पडून राहिल्यावर बरे वाटले, तर मणका दबल्याची शंका घ्यावी. घरात याला ‘उसण भरली’ म्हणून मालिश आणि शेक सुरू होतो, आणि एक्स-रे काढायला दोन-तीन आठवडे निघून जातात. पन्नाशी उलटलेल्या स्त्रीला किंवा बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्या कोणालाही अशी उसण भरली, तर एक्स-रे लगेच काढावा आणि मालिश करू नये.

नस दबल्याचे दुखणे वेगळे असते. त्यात पाठीपेक्षा पाय जास्त बोलतात: थोडे चालले की पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, मंडईत जाताना मध्येच कुठेतरी टेकावे लागते, आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. तिसरा प्रकार मणका जागेवरून सरकण्याचा किंवा पाठीला बाक येण्याचा. माणूस सरळ उभा राहूच शकत नाही, ओट्याला कोपरे टेकून स्वयंपाक करतो. एकाच रुग्णात हे तिन्ही प्रकार एकत्र असू शकतात, आणि तेथेच घोटाळा होतो, कारण प्रत्येकाचा उपाय निराळा आहे आणि प्रत्येक उपायाला हाडाकडून लागणारी ताकदही निराळी आहे. म्हणून सर्जनला स्पष्ट विचारावे, ‘माझ्या त्रासातला किती भाग कशामुळे आहे, आणि या शस्त्रक्रियेने त्यातले नेमके काय कमी होईल?’ एमआरआयच्या अहवालात गाद्या झिजल्याचे आणि हाडे वाढल्याचे उल्लेख साठीनंतर जवळजवळ प्रत्येकाच्या नशिबी असतात. केवळ त्या उल्लेखांवरून शस्त्रक्रिया ठरत नाही.

आपल्याकडे आणखी एक खबरदारी अत्यावश्यक आहे. दबलेला प्रत्येक मणका ऑस्टिओपोरोसिसचाच असतो असे नाही. मणक्याचा क्षयरोग, दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग आणि मायलोमा हा रक्ताचा कर्करोगही मणका दाबतात. संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, पडून राहिल्यावरही न थांबणारे रात्रीचे दुखणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग यांपैकी काहीही असेल तर ते न विचारता सांगावे. शंका असल्यास मणक्याचा तुकडा तपासणीला पाठवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

घाई कधी आणि सवड कधी

लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याच्या जागेची संवेदना गेली, पायातली ताकद तासातासाने किंवा दिवसादिवसाने कमी होत चालली, तर तो आणीबाणीचा प्रसंग आहे. अशा वेळी हाडांची घनता मोजत बसायचे नसते. त्याच दिवशी मणक्याची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात पोहोचायचे असते. हाडांचे उपचार मागाहून सुरू होतात. पण या आणि अशा मोजक्या परिस्थिती सोडल्या, तर बहुतेकांच्या हाती दोन-तीन महिने असतात, आणि ठिसूळ हाडांच्या रुग्णासाठी ही सवड अतिशय मोलाची आहे. ‘पुढच्या आठवड्यात तारीख मोकळी आहे’ एवढ्या कारणावरून ती सोडून देऊ नये.

हाडांची ताकद मोजून घ्या, आणि अहवाल स्वतः वाचा

यासाठीची रूढ तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन. औषध कंपन्यांच्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून होते ती ही तपासणी नव्हे. डेक्साच्या अहवालात टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांच्या तुलनेत तुमच्या हाडांची घनता किती ते सांगणारा आकडा, दिलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो उणे १ पर्यंत असेल तर घनता सर्वसाधारण, उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यान असेल तर कमी, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. मात्र ज्यांच्या कण्याची शस्त्रक्रिया करायची आहे, नेमक्या त्यांच्याच कण्याचा आकडा फसवा निघतो. झिजलेल्या सांध्यांभोवती वाढलेले हाड, दबून घट्ट झालेला मणका आणि समोरच्या महाधमनीत साठलेला चुना हे सर्व यंत्राला ‘हाड’च दिसते, आणि आकडा प्रत्यक्षाहून चांगला येतो. त्यामुळे अहवालात खुब्याचा आकडा आहे ना, हे पाहावे, आणि कणा खूप झिजलेला असेल तर मनगटाजवळच्या हाडाचेही मोजमाप मागावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: किरकोळ कारणाने मणका एकदा जरी दबला असेल, तर टी-स्कोअर काहीही असला तरी वैद्यकीयदृष्ट्या तो ऑस्टिओपोरोसिसच समजला जातो.

पोटाचा किंवा मणक्याचा सीटी स्कॅन अलीकडे कोणत्याही कारणाने झालेला असेल, तर त्याची सीडी फेकू नका. त्याच चित्रांवरून कंबरेच्या पहिल्या मणक्यातील हाडाची घनता हाउन्सफील्ड एककांत मोजता येते. हा आकडा साधारण ११० च्या खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिसची दाट शंका घेतली जाते. स्क्रू ज्या मणक्यांत जाणार आहेत त्यांचीही घनता अशीच पाहता येते, आणि यासाठी नवा खर्च किंवा नवे किरण लागत नाहीत. सर्जनकडे हा आकडा जरूर मागावा.

हाडे ठिसूळ का झाली, याचाही शोध घ्यावा. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड आणि थायरॉइडची संप्रेरके या तपासण्या बहुतेकांना लागतात. मायलोमाची शंका असल्यास रक्तातील प्रथिनांची विशेष तपासणी होते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी घेतलेल्या स्टिरॉइडचा उल्लेख करावाच, पण गुडघेदुखीसाठी कोणीतरी दिलेल्या निनावी पुड्यांचाही करावा, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. पुरुषांच्या बाबतीत ऑस्टिओपोरोसिसचा विचारच होत नाही, हे अनुचित आहे. सत्तरीच्या पुरुषाला मणक्यात स्क्रू घालण्याचा सल्ला मिळाला असेल, तर त्याचीही डेक्सा झालीच पाहिजे.

कोणती शस्त्रक्रिया हाडाकडून काय मागते

मणक्याचे बाहेरचे कवच पातळ असते आणि आत हाडाच्या बारीक काड्यांची जाळी असते. स्थिरीकरणाच्या, म्हणजे मणके स्क्रू आणि रॉडने एकमेकांना जोडण्याच्या, शस्त्रक्रियेत स्क्रू मणक्याच्या मागच्या बाजूने, एका अरुंद हाडी खांबातून पुढे मणक्याच्या गाभ्यात जातो. त्याची पकड या खांबाच्या भिंतींवर आणि आतल्या जाळीवर अवलंबून असते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये जाळीच्या काड्या झिजून तुटतात, आणि स्क्रूची अवस्था पोपडे सुटलेल्या भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी होते. माणूस उठतो, बसतो, वाकतो. प्रत्येक हालचालीबरोबर स्क्रू केसभर हलतो आणि स्वतःभोवतीची जागा रुंद करत जातो. काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती काळपट कडा दिसू लागते. स्क्रू सैल झाल्याची ती खूण असते. दोन मणक्यांमध्ये गादीच्या जागी आधारासाठी ठेवलेला पिंजरा (केज) मऊ हाडात रुतू शकतो, मणके एकमेकांशी जुळून येत नाहीत, आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे स्क्रू-रॉडची ताठ चौकट जेथे संपते त्याच्या लगेच वरचा मणका दबून पाठीला नव्याने बाक येतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते ती पुष्कळदा याच कारणाने.

याउलट फक्त नस मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे दाब देणारे हाड आणि जाड झालेला पडदा काढण्यात, स्क्रू लागत नाहीत, आणि हाडाच्या ताकदीचा प्रश्न बराच सौम्य होतो. त्रास मुख्यतः पायांचा असेल आणि मणका हलत नसेल, तर ‘स्क्रू न घालता केवळ नस मोकळी करून भागेल का?’ हा प्रश्न माझ्या मते प्रत्येक वृद्ध रुग्णाने विचारायलाच हवा. उत्तर नकारार्थी आले तर त्याचे कारण उभे राहून, पुढे आणि मागे वाकून काढलेल्या एक्स-रेवर दाखवून मागावे; मणका खरोखर सरकत असेल तर तो तेथे दिसतो.

दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपायाबद्दल आपल्याकडे फार आशा बाळगली जाते. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेली ही पद्धत लहान छेदातून, सुईने होते. तिच्याच दुसऱ्या प्रकारात आधी फुगा फुगवून जागा केली जाते. मात्र २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, खरे सिमेंट भरलेले रुग्ण आणि केवळ तशी बतावणी केलेले रुग्ण यांच्या वेदनेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पुढे २०१६ च्या एका चाचणीत, मणका दबून सहा आठवडे झालेले नसताना आणि वेदना तीव्र असताना केलेल्या उपचाराचा फायदा दिसला, तर नंतरच्या दुसऱ्या चाचणीत तो दिसला नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा, की बहुतेक दबलेले मणके वेदनाशामक औषधे, थोडी विश्रांती, पट्टा आणि लवकर सुरू केलेले चालणे यांनी सहा ते बारा आठवड्यांत शांत होतात, आणि त्यांना सिमेंटची गरज पडत नाही. जो रुग्ण औषधे देऊनही कुशीवर वळू शकत नाही, अंथरुणाला खिळत चालला आहे, आणि ज्याच्या एमआरआयमध्ये त्याच मणक्यात ताजी सूज दिसते आहे, त्याच्यासाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे. सिमेंट नसेच्या पोकळीत किंवा शिरांमधून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, त्याबद्दल आधी विचारून घ्यावे. सिमेंटने एक मणका भरला जातो. बाकीच्या हाडांचा ऑस्टिओपोरोसिस जसाच्या तसा राहतो.

शस्त्रक्रियेआधी हाडे बळकट करणे

स्क्रूची शस्त्रक्रिया टाळता येत नसेल आणि सवड असेल, तर हाड बांधणारे औषध आधी सुरू करण्याचा आग्रह धरावा. टेरिपॅराटाइड हे त्यांतले आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे इंजेक्शन. रोज २० मायक्रोग्रॅम, मांडीत किंवा पोटाच्या त्वचेखाली, पेनाने स्वतः टोचायचे असते. अनेक सर्जन ते शस्त्रक्रियेच्या किमान दोन महिने आधी सुरू करून नंतर सहा-आठ महिने किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवतात. हा पेन २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवावा लागतो, पण बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा नसतो. जेथे वीज तासन्‌तास जाते तेथे थर्मास आणि बर्फाच्या थैलीची सोय आधी करून ठेवावी. पहिले काही दिवस टोचल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून बसून टोचावे. हाडांवर पूर्वी किरणोपचार झालेले असतील, हाडांत कर्करोग पसरलेला असेल किंवा रक्तातील कॅल्शियम वाढलेले असेल, तर हे औषध चालत नाही. रोमोसोझुमॅब हे दुसरे औषध महिन्यातून एकदा, वर्षभर दिले जाते. मागील वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेला असल्यास ते टाळतात.

या औषधांविषयी एक गोष्ट औषधाच्या दुकानात कोणी सांगत नाही. टेरिपॅराटाइडने कमावलेले हाड ते बंद केल्यावर टिकत नाही. लगोलग झोलेड्रोनिक अॅसिड, अॅलेन्ड्रोनेट किंवा डेनोसुमॅब यांपैकी हाडांची झीज रोखणारे एखादे औषध सुरू करावे लागते. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते आणि त्याची तारीख चुकवणे धोक्याचे आहे, कारण ते अचानक थांबवल्यास हाडांची झीज उसळते आणि एकाच वेळी अनेक मणके दबू शकतात. जे आधीपासून डेनोसुमॅबवर आहेत त्यांनी ते सोडून थेट टेरिपॅराटाइडकडे वळण्याचा निर्णय संप्रेरकतज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब सुरू होण्यापूर्वी दंतवैद्याकडून दात तपासून, काढायचे असतील ते काढून घ्यावेत. क्वचित का होईना, या औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाड भरून न येण्याचा त्रास होतो.

ड जीवनसत्त्वाची कमतरता शस्त्रक्रियेआधी भरून काढायलाच हवी. आपल्याकडे आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी देतात, आणि ठरलेले आठवडे संपल्यावरही ती वर्षानुवर्षे दर आठवड्याला घेणारे लोक भेटतात; तसे करू नये, त्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरते. दूध, दही, नाचणीची भाकरी किंवा आंबील, तीळ यांतून त्याचा बराच भाग भागतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. प्रथिनांकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होते. एकादशी, चतुर्थी आणि वाराचे उपास धरणाऱ्या आजींनी शस्त्रक्रियेच्या आधीचे आणि नंतरचे काही महिने तरी उपास सोडावेत.

तंबाखूबद्दल विचारले, की बायका ‘नाही’ म्हणतात, आणि ‘मशेरी लावता का?’ असे विचारले, की ‘ती सकाळ-संध्याकाळ लागतेच’ असे उत्तर येते. मशेरीतही निकोटीन असते, आणि निकोटीन मणके जुळून येण्याच्या आड येते. मशेरी, गुटखा, विडी, सिगारेट हे सर्व शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी थांबवून हाड जुळेपर्यंत बंदच ठेवले पाहिजे. मधुमेह आटोक्यात आणणे, हिमोग्लोबिन वाढवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी भूलतज्ज्ञाला देणे हे तर कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेला लागतेच.

सर्जनशी बोलताना

ठिसूळ हाडांसाठी तंत्रात काय बदल करणार, हे मोकळेपणाने विचारावे. पोकळ आणि छिद्रे असलेल्या स्क्रूमधून सिमेंट सोडून पकड वाढवता येते, अधिक जाड आणि लांब स्क्रू वापरता येतात, चौकट एक-दोन मणके पुढे नेता येते. प्रत्येकाचे फायदे आणि तोटे आहेत, आणि ज्या सर्जनने तुमच्या हाडांचा विचार केला आहे तो ते सहज समजावून सांगतो. ‘तुम्ही काळजी करू नका’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरे मत घ्यावे. दुसरे मत म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. शस्त्रक्रिया केली नाही तर वर्षभरात काय होईल, हाही प्रश्न विचारावा. नस दबलेली नसताना आणि मणका स्थिर असताना केवळ जुनाट कंबरदुखीसाठी ठिसूळ हाडांत स्क्रू घालून घेण्यास मी कोणालाही उत्तेजन देणार नाही.

खर्चाचा अंदाज घेताना शस्त्रक्रियेबरोबर औषधांचे वर्ष-दोन वर्षांचे पैसेही धरावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. खासगी विमा असेल तर वयोमानामुळे झालेल्या ऑस्टिओपोरोसिसवर काही वर्षांचा प्रतीक्षाकाळ अनेक पॉलिसींत असतो, तो कलम वाचून पाहावा.

घरी आल्यावर

अंथरुणातून सरळ उठून बसू नये. आधी गुडघे दुमडावेत, खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवून संपूर्ण कुशीवर वळावे, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत आणि हाताने रेटा देत उठावे. रुग्णालयातून घरी येण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टसमोर हे करून दाखवावे आणि घरात जो मदत करणार आहे त्यालाही पाहू द्यावे. फरशीवर मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, खाली वाकून फरशी पुसणे आणि बादली उचलणे सर्जन परवानगी देईपर्यंत बंद. भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवावी. न्हाणीघरातला ओला कोपरा, दारातले घसरणारे पायपुसणे, सैल चपला, रात्रीचा अंधार, झोपेच्या गोळ्या आणि लांबणीवर टाकलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचा बंदोबस्त रुग्ण घरी येण्याआधी झालेला बरा, कारण एका पडण्यात सगळा खटाटोप वाया जाऊ शकतो. रोज थोडे थोडे चालणे मात्र पहिल्या दिवसांपासून हवे. पडून राहिलेले हाड आणखी विरळ होते.

टाके सुकले आणि पाय हलके झाले, की तपासणीच्या तारखा टाळल्या जातात. तसे करू नये. जखमेच्या जागेच्या वर, स्क्रू जेथे संपतात तेथे नवे दुखणे सुरू झाले, माणूस पुन्हा पुढे झुकू लागला किंवा मान वर करून समोर पाहणे जड जाऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता उभ्याने काढलेला संपूर्ण कण्याचा एक्स-रे घेऊन सर्जनकडे जावे, आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेला जुना एक्स-रेही बरोबर न्यावा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून फरक पाहता येतो.